रूळ उखडले, वाट उरली

फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशात झिव्री आणि क्ल्युनी या दोन गावांच्या दरम्यान ४४ किलोमीटर लांबीचा एक रस्ता आहे. द्राक्षमळे, गुरांची कुरणे आणि दगडी घरांची लहान लहान खेडी यांच्यामधून तो जातो. या रस्त्यावर मोटारीला मज्जाव आहे. शाळकरी मुले, निवृत्त माणसे, परदेशी प्रवासी असे सारे तेथे सायकलने किंवा पायी हिंडत असतात. दम लागावा असा चढ कोठे लागत नाही आणि वळणेही मोठी, सावकाश अशी आहेत. याचे कारण असे की, हा रस्ता मुळात सायकलसाठी आखलेलाच नव्हता. तो आगगाडीचा मार्ग होता. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले आणि १९९७ साली तो भराव सायकलस्वारांना खुला करण्यात आला. फ्रान्समधील पहिला ‘हरितमार्ग’ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

त्यानंतरच्या पाव शतकात अशा मार्गांचे जाळे फ्रान्सभर पसरले. वरवर पाहता हा विषय सुटीतील सहलीचा वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक मालमत्तेच्या विनियोगाचा आहे, ग्रामीण भागातील दळणवळणाचा आहे आणि तुटीच्या काळात सरकारने कोणत्या खर्चाला प्रथम कात्री लावावी, या सनातन वादाचाही आहे. २०२३ साली फ्रेंच सरकारने सायकल मार्गांसाठी भरघोस निधी जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत त्याला कात्री लागली. हे मार्ग नेमके कोणासाठी आहेत, या प्रश्नाचे उत्तर आता टाळता येण्याजोगे राहिलेले नाही.

तीन वारसे

फ्रान्सच्या ग्रामीण भागात आज सायकलस्वाराला जी निवांत वाट मिळते, ती तीन जुन्या वारशांतून आलेली आहे. पहिला वारसा रेल्वेचा. १८७० च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स द फ्रेसिने हे सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना देशातील प्रत्येक उपजिल्ह्याचे ठाणे रेल्वेने जोडण्याचा संकल्प करण्यात आला. १८७९ च्या कायद्यान्वये सुमारे ८,७०० किलोमीटरचे नवे मार्ग मंजूर झाले. प्रजासत्ताक राजवट खेड्यापाड्यांतील मतदारापर्यंत पोचावी, हा त्यामागील राजकीय हेतू होता. व्यापारी हिशेब दुय्यम होता. त्यामुळे यांपैकी अनेक मार्ग प्रारंभापासूनच तोट्यात चालले. मोटारी व बसगाड्या आल्यावर त्यांचा उरलासुरला आधारही गेला. १९३८ साली राष्ट्रीय रेल्वे कंपनी स्थापन झाली, त्या सुमारास उतारू गाड्या मोठ्या प्रमाणावर बंद करण्यात आल्या आणि युद्धोत्तर काळात हीच प्रक्रिया पुढे चालू राहिली. बोगदे, पूल, भराव आणि स्टेशनांच्या इमारती मात्र जागच्या जागी राहिल्या.

दुसरा वारसा कालव्यांचा. पिएर-पॉल रिके याने १६६६ मध्ये आरंभ केलेला आणि १६८१ साली खुला झालेला मिदी कालवा हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. सुमारे २४० किलोमीटरांच्या या कालव्याला १९९६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पूर्वी मालवाहू नावा घोडे ओढीत आणि त्या घोड्यांसाठी काठाने वाट राखलेली असे. इंजिने आल्यावर घोडे गेले, पुढे मालवाहतूकही आटली. पण काठाची वाट राहिली. कालव्याच्या काठाइतकी सपाट वाट दुसरी असणे शक्य नाही, हे सांगावयास नकोच.

तिसरा वारसा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित असा आहे. तो म्हणजे गावरस्त्यांचा. १८३६ च्या कायद्याने प्रत्येक कम्यूनवर, म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायतीसारख्या संस्थेवर, आपल्या हद्दीतील रस्ते राखण्याची सक्ती करण्यात आली. करदात्या धडधाकट पुरुषाला वर्षातून तीन दिवसांपर्यंत रस्त्यासाठी श्रम द्यावे लागत किंवा त्याचा मोबदला भरावा लागे. त्या व्यवस्थेतून जे जाळे उभे राहिले, त्याचे वारस असलेले कम्यूनचे रस्ते आज सुमारे ७ लाख किलोमीटर भरतात. फ्रान्समधील सर्व रस्त्यांची एकूण लांबी ११ लाख किलोमीटरच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या जाळ्याची घनता लक्षात येते.

आणि नेमक्या याच काळात खेडी रिकामी होत गेली. मध्य फ्रान्समधील क्रझ जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. येथील माणसे गवंडीकामासाठी पॅरिसला जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जिल्ह्याची लोकसंख्या २ लाख ८० हजारांहून अधिक होती. आज ती सुमारे १ लाख १५ हजार आहे. रस्ते राहिले, माणसे गेली. लांब पल्ल्याची वाहतूक राष्ट्रीय मार्गांनी आणि महामार्गांनी उचलली. नकाशावर पांढऱ्या बारीक रेषांनी दाखवलेल्या गावरस्त्यांवर तासन् तास एखादीच मोटार किंवा ट्रॅक्टर दिसावा, अशी स्थिती आली. परदेशी सायकलस्वार ज्या शांततेचे गोडवे गातात, ती शांतता बहुतांशी या ओसाडीचे फलित आहे. हे सत्य कडवट असले तरी दृष्टीआड करून चालणार नाही.

हिशेबाची बाजू

अर्थशास्त्रात ‘बुडित खर्च’ अशी एक कल्पना आहे. एकदा होऊन गेलेला आणि परत न मिळणारा खर्च पुढील निर्णयात धरू नये, असे तिचे सार आहे. डोंगर फोडून केलेला बोगदा किंवा दरीवर उभारलेला पूल हा असाच बुडित खर्च होय. क्ल्युनीपासून माकाँच्या दिशेने जाताना ब्वा क्लेरचा १.६ किलोमीटरांचा बोगदा लागतो. नव्याने केवळ सायकलसाठी असा बोगदा खणण्याचा विचार कोणतेही सरकार करणार नाही. तो तयार असल्यामुळे मात्र दिव्यांची सोय करून त्याचा वापर करता आला. हिवाळ्यात वटवाघळांच्या निद्रेसाठी तो बंद ठेवला जातो, ही गोष्ट वेगळी. रेल्वेच्या इंजिनाला चढ सोसत नाही म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अभियंत्यांनी जी काळजी घेतली, तिचा लाभ आज वृद्धांना आणि बालकांना होत आहे. पूर्वजांनी केलेल्या तोट्याच्या व्यवहारातून वंशजांना मिळालेला हा नफा आहे.

या मार्गांना कायद्याचा आधार यथावकाश मिळाला. १९९८ साली सायकल मार्गांची पहिली राष्ट्रीय योजना मंजूर झाली. २००४ च्या एका हुकमान्वये वाहतूक संहितेत हरितमार्गाची व्याख्या घालण्यात आली आणि तो पादचारी, घोडेस्वार व इंजिन नसलेली वाहने यांच्यासाठीच राखीव ठरला. प्रत्यक्ष बांधणीचा आणि देखभालीचा भार प्रामुख्याने जिल्हा परिषदांनी उचलला, प्रदेश व केंद्र सरकार यांनी आणि काही ठिकाणी युरोपीय संघाने त्यात भर घातली. आज ल्वार नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरांचा मार्ग आहे. तो अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय मार्गाचा एक भाग आहे. रोस्कोफपासून स्पेनच्या सीमेवरील आंदायपर्यंत किनाऱ्याने जाणारा दुसरा मार्ग १,२०० किलोमीटरांहून लांब आहे. अर्थात हे दीर्घ मार्ग सर्वत्र मोटारमुक्त नाहीत. हरितमार्गांचे तुकडे शांत गावरस्त्यांनी एकमेकांना जोडून ते तयार झालेले आहेत.

त्यापासून पैसा किती मिळतो? २०२० साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणीनुसार सायकलवरून हिंडणारा प्रवासी दिवसाला सरासरी ६८ युरो खर्च करतो. सर्वसाधारण प्रवाशाचा खर्च ५५ युरो असतो. परंतु या दोन आकड्यांतील फरकापेक्षा तो पैसा कोठे खर्च होतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. मोटारीचा प्रवासी सकाळी एका शहरातून निघतो आणि दुपारी दुसऱ्या शहरात पोचतो. मधली चाळीस गावे त्याच्या लेखी खिडकीबाहेरचे दृश्य असते. सायकलस्वार दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर जातो. त्याला वाटेत भूक लागते, तहान लागते, टायर पंक्चर होते आणि संध्याकाळी जेथे असेल तेथे मुक्काम करावा लागतो. तो फार सामान बरोबर नेऊ शकत नसल्याने रोज थोडे थोडे विकत घेतो. म्हणजे त्याची गैरसोय हीच गावातल्या बेकरीवाल्याची आणि खाणावळवाल्याची मिळकत ठरते. मार्गापासून पाच किलोमीटरांच्या आतील ज्या मुक्कामांत सायकली सुरक्षित ठेवण्याची आणि दुरुस्तीची सोय असते, त्यांना एक राष्ट्रीय मानचिन्ह दिले जाते. त्याची मागणी वाढत गेली, ती उगाच नव्हे.

तथापि या हिशेबाला मर्यादा आहेत. प्रवासी येतो तो वसंतापासून शरदापर्यंत. उरलेल्या महिन्यांत दुकान चालवायचे तर गावात गिऱ्हाईक असावे लागते. शिवाय प्रवासी जातो तेथे, जेथे राजवाडे, द्राक्षमळे आणि समुद्रकिनारा आहे. ल्वारच्या काठाला जे साधले, ते क्रझच्या माळावर साधेलच असे नाही. जेथे शेवटची बेकरीही बंद झाली आहे, तेथे प्रवासी थांबत नाही आणि प्रवासी थांबत नाही म्हणून बेकरी पुन्हा उघडत नाही. हे दुष्टचक्र केवळ डांबर ओतून तुटत नाही.

गावकऱ्याचा प्रश्न

येथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. ज्या खेड्यातून हा मार्ग जातो, तेथील रहिवाशाला त्याचा उपयोग काय? २०१८ साली दुपदरी रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटरवरून ८० वर आणण्यात आली आणि त्याच वर्षी इंधनावरील करवाढीचा बेत पुढे आला. नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घातलेली माणसे गावोगावच्या चौकांत उतरली. या आंदोलनाची कारणे अनेक होती. पण त्याच्या मुळाशी एक साधी वस्तुस्थिती होती. ग्रामीण फ्रान्समध्ये नोकरी, दवाखाना, शाळा आणि बाजार यांच्यापर्यंत पोचावयास मोटारीवाचून गत्यंतर राहिलेले नाही. शहरातील माणसाला मोटार सोडणे हा विचाराचा प्रश्न आहे. खेड्यातील माणसाला तो पोटाचा प्रश्न आहे.

अशा माणसाच्या घरासमोरून जुना रेल्वेमार्ग जातो. त्याच्या आजोबांनी तेथून गाडी पकडून तालुक्याचा बाजार केला. आता त्या स्टेशनात कोणाचे तरी सुटीतले घर आहे आणि रुळांच्या जागेवरून रंगीत शिरस्त्राणे घातलेले पाहुणे जात आहेत. त्याला जर वाटले की, सरकारने आपली गाडी काढून घेतली आणि पाहुण्यांना बाग दिली, तर त्याला दोष देता येत नाही. रेल्वे उतारूंच्या संघटनाही बंद मार्गांच्या अशा रूपांतराकडे अनेकदा साशंकतेने पाहतात. एकदा हरितमार्ग झाला आणि लोकांना त्याची गोडी लागली, की पुन्हा रूळ घालणे राजकीयदृष्ट्या अशक्य होईल, अशी त्यांची भीती असते.

या भीतीत तथ्य असले तरी तिच्यात अर्धेच सत्य आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा खरा शत्रू सायकल नसून तुकडे पाडून होणारी विक्री हा आहे. जेथे भरावाची जमीन शेजारच्या मळेवाल्याला, गोदामवाल्याला, घर बांधणाऱ्याला वेगवेगळी विकली गेली, तेथे आगगाडीही गेली आणि वाटही गेली. सलग पट्टा एकदा तुटला, की तो पुन्हा जोडण्यासाठी शेकडो मालकांशी सौदा करावा लागतो. याउलट जेथे जिल्हा परिषदेने मालकी किंवा दीर्घ मुदतीचा ताबा घेऊन हरितमार्ग केला, तेथे निदान तो पट्टा सार्वजनिक हातांत आणि अखंड राहिला. उद्याच्या पिढीला तेथे पुन्हा गाडी हवीशी वाटली, तर निर्णय घेण्यासाठी काहीतरी शिल्लक असेल.

रोजच्या वापराचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. जुन्या रेल्वेमार्गाची दिशा एकोणिसाव्या शतकातील गरजांनी ठरली. आजची शाळा, आजचा कारखाना आणि आजचे मोठे दुकान त्या मार्गावर असतेच असे नाही. हरितमार्गापासून शाळेपर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर अनेकदा अशा जिल्हा मार्गाने जातात, जेथे मोटारी ऐंशीच्या वेगाने धावतात आणि कडेला हातभरही जागा नसते. २०२३ साली फ्रान्समध्ये २२१ सायकलस्वार अपघातांत मृत्युमुखी पडले. यांतील बहुसंख्य अपघात वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर झाले. रविवारी सुरक्षित असलेला सायकलस्वार सोमवारी सकाळी सुरक्षित नसेल, तर त्या व्यवस्थेला दळणवळणाची व्यवस्था म्हणता येणार नाही.

स्वस्त आणि दुर्लक्षित उपाय

याच ठिकाणी तिसऱ्या वारशाचे, म्हणजे गावरस्त्यांचे महत्त्व कळून येते. ७ लाख किलोमीटरांचे हे जाळे प्रत्येक वाडीपर्यंत पोचलेले आहे आणि ते बांधून तयार आहे. सेंत एतिएनचा पॉल द व्हिव्ही याने १८८७ साली सायकलविषयक नियतकालिक सुरू करून ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने फ्रेंच माणसाला सायकलवरून देश पाहण्याची गोडी लावली, ती याच प्रकारच्या रस्त्यांवर. १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरांची दौड आज चार वर्षांतून एकदा होते आणि ९० तासांच्या आत ती पुरी करण्यासाठी जगभरचे हौशी सायकलस्वार येतात. २०१९ व २०२३ साली भारतातून गेलेल्यांत महाराष्ट्रातील सायकलपटूही होते. या दौडीसाठी कोणी वेगळा मार्ग बांधलेला नाही. ब्रिटनीतील गावरस्ते आणि मध्यरात्री दारात टेबल मांडून कॉफी देणारे गावकरी यांवर तिचा मोठा भार असतो.

गावरस्त्याची शांतता मात्र कायद्याने राखलेली नाही. ती केवळ सवयीने टिकलेली आहे. मुख्य रस्त्यावर खोळंबा झाला की मोबाइलवरील वाटाड्या मोटारीला आडवाटेने नेतो आणि शहरांच्या परिघावरील शांत रस्ते पाहता पाहता वर्दळीचे होतात. यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. वेगमर्यादा कमी करणे, रहिवासी व शेतकरी यांच्याखेरीज इतर मोटारींना ठरावीक तुकड्यावर बंदी घालणे, मधली एकच पट्टी मोटारींना ठेवून दोन्ही कडा सायकलसाठी रंगवणे, या गोष्टींना मुख्यतः फलक, रंग आणि सरपंचाचे धैर्य लागते. २०१९ च्या दळणवळण कायद्याने वस्तीबाहेरचा रस्ता नव्याने करताना सायकल मार्गाची गरज तपासण्याचे बंधनही घातले आहे. गरज तपासणे आणि ती भागवणे यांत अंतर असते, हे खरे. परंतु निदान प्रश्न विचारणे आता सक्तीचे झाले आहे.

कात्री कोठे लावावी?

२०१८ साली एद्वार फिलिप यांच्या सरकारने सायकल मार्गांसाठी सात वर्षांत ३५ कोटी युरोंचा निधी ठेवला. २०२३ च्या मे महिन्यात एलिझाबेथ बोर्न यांच्या सरकारने २०२७ पर्यंत २०० कोटी युरो खर्चण्याचे आणि २०३० पर्यंत सायकल मार्गांची लांबी एक लाख किलोमीटरवर नेण्याचे जाहीर केले. २०२४ च्या अखेरीस तुटीच्या दडपणाखाली या निधीला कात्री लागली. त्याच सुमारास जिल्हा परिषदाही कोंडीत सापडल्या. घरे व जमिनी यांच्या खरेदी-विक्रीवरील कर हे त्यांच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे आणि २०२३ मध्ये त्यात मोठी घट झाली. वृद्ध, अपंग आणि निराधार यांच्यासाठी करावयाचा खर्च कायद्याने बंधनकारक आहे. सायकल मार्ग ऐच्छिक आहे. अशा वेळी कात्री कोठे लागणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

निराधाराचे अनुदान तोडून सायकल मार्ग बांधा, असे कोणी म्हणणार नाही. पण काटकसरीचेही एक शास्त्र असते. नवे, लांब आणि दिखाऊ प्रकल्प पुढे ढकलता येतात. देखभाल ढकलता येत नाही. झाडांची मुळे डांबर फोडतात, पुलाच्या सांध्यांत पाणी मुरते, कठडे कुजतात. तुलूझपासून मिदी कालव्याच्या काठाने निघालेला सायकलस्वार पन्नासएक किलोमीटर गुळगुळीत वाटेने जाई आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून ओदमध्ये शिरताच मुळांनी फुगलेल्या कच्च्या वाटेवर येई. हे चित्र बराच काळ कायम होते. कालवा एक, पाणी एक, वाट एक. पण खर्च करणारी तिजोरी वेगळी. उद्घाटनाची फीत कापण्यास पुढारी येतात, खड्डा बुजवण्याच्या वेळी कोणी छायाचित्रकार येत नाही, ही रीत केवळ भारताचीच नाही.

यास्तव तुटीच्या काळातील अग्रक्रम तीन गोष्टींना द्यावयास हवा. जे मार्ग आहेत ते राखावेत. त्यांच्यापासून शाळा, बाजार व चालू रेल्वे स्टेशन यांच्यापर्यंतचे तुटक दुवे आधी जोडावेत, म्हणजे पाहुण्यांसाठी केलेला खर्च रहिवाशाच्याही कामी येईल. आणि बंद पडलेल्या मार्गाची जमीन, आज काही करता आले नाही तरी, विकू नये. पहिल्या दोन गोष्टींना थोडा पैसा लागतो. तिसरीला प्रामुख्याने संयम लागतो.

फ्रेसिने यांच्या अभियंत्यांना आपल्या मार्गावरून पुढे काय जाणार आहे, याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांचा व्यापारी अंदाज चुकला, पण त्यांनी आखलेली सलग, सौम्य चढाची वाट चुकली नाही. आजच्या राज्यकर्त्यांनाही शंभर वर्षांनंतर त्या भरावावरून सायकल जाईल की गाडी, हे सांगता येणार नाही. ते सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाहीही. तेथून काहीतरी जाऊ शकेल एवढी जागा अखंड राखणे, ही मात्र त्यांची जबाबदारी आहे आणि ती अर्थसंकल्पाच्या कोणत्याही तुटीने संपत नाही.